तलावाकाठचं घर तेच, मग मुलं का रमली नाहीत?

“लहानपणी दर उन्हाळ्यात तलावाकाठच्या घरी महिनाभर राहायचो. इतक्या वर्षांनी नवऱ्याला आणि मुलांना तिथं घेऊन गेले. पाच दिवसांचा बेत होता, तिसऱ्या दिवशीच सामान आवरलं. मुलं कंटाळली, नवरा गप्प गप्प, आणि मी सगळ्यांवर ओरडत होते. ती जागा माझ्यासाठी आता संपली का?”

समुपदेशनासाठी आलेल्या चाळिशीतल्या एका बाईंचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. थोड्याफार फरकाने हीच तक्रार अनेक जण आणतात, आणि येईपर्यंत दोषाची वाटणी झालेली असते: मुलांना मोबाइल सुटत नाही, जोडीदाराला कदर नाही.

बाईंनी सहलीआधी केलेली यादी सोबत आणली होती. वहीच्या एका पानावर चौदा गोष्टी. पहाटे होडीतून पलीकडच्या काठापर्यंत, धक्क्यावरून उडी, माळ्यावरचे पत्ते, रात्री भुताच्या गोष्टी. प्रत्येकीपुढे वार आणि वेळ. बारा वर्षांची मुलगी पहिल्याच सकाळी “आई, मी नंतर येते” म्हणाली आणि तिथूनच बिनसलं.

“तुम्ही हे सगळं करायचात तेव्हा गाद्यांना ऊन कोण दाखवायचं? टाकी कोण धुवायचं?” असं विचारल्यावर त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “आईच करत असणार. मला आठवतच नाही.”

प्रश्नाची गाठ इथेच होती. लहानपणाच्या आठवणीत मजा असते, कामं नसतात. आठवण जशीच्या तशी साठवलेली नसते, दर वेळी ती नव्याने रचली जाते, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्येच मांडलं होतं. पुढे 1997 मध्ये टेरेन्स मिचेल, ली थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी सुट्टीवर गेलेल्यांच्या नोंदी तपासल्या. प्रत्यक्ष सहलीत लिहिलेल्यापेक्षा लोकांनी नंतर ती सहल अधिक छान झाल्याचं सांगितलं. काही दिवसांच्या सुट्टीत हा फरक पडतो, तर तीस वर्षांत किती पडेल? बाईंना जो उन्हाळा परत हवा होता त्यात त्या लेक होत्या. आता घर उघडणारी, झाडणारी, सगळ्यांना सांभाळणारी मोठी माणसं त्या आणि त्यांचा नवराच. शिवाय आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मुलीची जांभई त्यांना आईचा अपमान वाटली. मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

म्हणून पुढच्या खेपेची तयारी आम्ही दोन भागांत केली: त्यांचं जाणं वेगळं, मुलांचं जाणं वेगळं.

त्यांनी आदल्या दिवशी एकट्याने पोहोचायचं. दोन तास घरभर हिंडायचं, रडायचं असेल तर रडायचं, काय बदललंय ते बघून घ्यायचं. मुलांसमोर पहिल्यांदा दार उघडलं की चेहऱ्यावरचं दुःख त्यांना दिसतं आणि ते आपल्यामुळेच आहे असं ती धरून बसतात. घर उघडायचं कामही त्याच दिवशी. खिडक्या उघडून घर वाहतं करायचं, नळ काही मिनिटं सोडून ठेवायचे, गाद्या उन्हात टाकायच्या. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. जंतुनाशकाने भिजवून हातमोजे घालून पुसायच्या, कारण धुळीतून आजार पसरू शकतो. समुपदेशनात हे कशाला, असं वाटेल. पण पहिल्या संध्याकाळची बहुतेक भांडणं दमलेल्या माणसाची असतात.

यादीतल्या चौदांपैकी तीनच गोष्टी ठेवल्या. रोज अर्धा दिवस मोकळा. त्या वेळेत मुलं काय करतील ते मुलांनी ठरवायचं, नुसतं लोळणंही चालेल. मुलांना ती जागा आपली वाटते ती तिथं त्यांनी स्वतः काहीतरी शोधल्यावर.

आठवणी जागेवर सांगायच्या, दोन-तीन मिनिटांत, आणि पुढचा प्रश्न आला नाही तर तिथंच सोडायचं. “आमच्या वेळी किती मजा” यावर मुलांना बोलायला काही उरत नाही. होडी उलटली तेव्हा मामा कसा रडला, हे मात्र ती पुन्हा पुन्हा विचारतात. मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश या मानसशास्त्रज्ञांनी कुटुंबाच्या इतिहासावर मुलांना वीस प्रश्न विचारले होते. ज्यांना अधिक माहीत होतं त्यांचा आत्मविश्वास चांगला आढळला. पण उत्तरं पाठ करून घेतल्याने तसं होत नाही, असा इशारा ड्यूक यांनी स्वतःच दिला आहे.

पाण्याच्या बाबतीत आठवणींना अजिबात मत द्यायचं नाही. “आम्ही एकटेच पोहायचो” हा युक्तिवाद नव्हे. पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावर हवं, होडीत प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट हवं. दंडावरचे फुगे त्याची जागा घेत नाहीत. नाव घेऊन एका मोठ्या माणसाला पहाऱ्यावर बसवा, फोन बाजूला ठेवून, आणि थोड्या थोड्या वेळाने पाळी बदला. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही.

नवरा गप्प होता कारण तिथं त्याचं काहीच नव्हतं. प्रत्येक वाक्य “आम्ही लहानपणी”ने सुरू व्हायचं. या खेपेला होडीची दुरुस्ती आणि एक पूर्ण दिवस त्याच्याकडे दिला. तो कसा घालवायचा हेही त्यानेच ठरवायचं.

बाईंच्या धाकट्या भावाचं प्रकरण अवघड. त्या घरात पाऊल टाकताच ताई हुकूम सोडते, धाकटा रुसतो. पन्नाशीतही ते सुटत नाही. म्हणून खर्च, दुरुस्ती, कोण कोणत्या आठवड्यात राहणार, हे निघण्याआधी फोनवर बोलून लिहून ठेवायचं. वाटणीचा विषय तलावाकाठी, रात्री, काढायचाच नाही.

दुसरी सहल चार दिवसांची झाली. मुलीने होडीला हात लावला नाही. ती आणि धाकटा भाऊ धक्क्याखाली मासे मोजत बसायचे. बाई दोनदा चिडल्या. बाईंच्या भावाला जुनं फर्निचर हलवायचं नाही, तो वाद अजून चालू आहे आणि पुढच्या भेटीत तो येणार आहे.

परत आल्यावर दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, कशात मन रमत नसेल, तर प्रश्न घराचा राहिलेला नसतो; डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. आणि त्या घरात लहानपणी कुणी त्रास दिला असेल, तर मुलांना घेऊन जाण्याआधीच.