किरणोत्सर्गाने इजा झाली तर त्यावर औषध असतं का?

तुम्ही विचारलंय, 'एनडीटीची (वेल्डिंग न फोडता किरणांनी आतून तपासायची) नोकरी धरतोय, रेडिएशनने भाजलं तर उपचार मिळतो का?' मिळतो. पण भाजलंय हे आधी कुणी मान्य करेल तेव्हा.

माझ्या डाव्या तर्जनीला वरचं पेर नाही. कारखाना दुरुस्तीसाठी बंद, शटडाऊनची रात्र, पहाटेचे तीन. इरिडियम-१९२चा सोर्स, म्हणजे किरण सोडणारा बारीक तुकडा, कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या जाड पेटीत, परतलाच नव्हता. तो ज्या नळीतून बाहेर जातो त्या गाइड ट्यूबच्या टोकाशी अडकला होता. किरण मोजणारं सर्व्हे मीटर बंद. मी आपला पुढची फिल्म लावायला गेलो आणि ते टोक हाताने सरकवलं. चटका नाही, वास नाही, काही नाही.

तेराव्या दिवशी बोट लाल झालं, मग फोड आला. डॉक्टरांनी ॲलर्जीचं मलम दिलं. त्यांचा दोष नाही, काम काय करतो ते मीच सांगितलं नव्हतं. कारण आमचे सुपरवायझर म्हणाले होते, "भाजलं असतं तर त्याच रात्री बोंबलला असतास."

नाही साहेब! किरण मारतात ते कातडीच्या तळाच्या, नव्या पेशी घडवणाऱ्या पेशींना. वरचा थर झिजेपर्यंत दोन-तीन आठवडे सगळं ठीकच दिसतं. बारीक रक्तवाहिन्या तर पुढे कित्येक महिने बुजत राहतात. माझी भरलेली जखम आठ महिन्यांनी पुन्हा फुटली, तेव्हा पेर कापलं.

औषधं? किरणोत्सर्गी सीझियम पोटात गेलं तर ते बाहेर काढणारं प्रशियन ब्लू. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानियात ४६ जणांना दिलं होतं. अस्थिमज्जा दबली तर पांढऱ्या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिम. आयोडीनची गोळी फक्त थायरॉईडसाठी, आपल्या कामात शून्य उपयोगाची. भाजण्यावर मला पटलेलं काम फ्रान्सचं. २००५मध्ये चिलीतल्या एका कामगाराने सापडलेला इरिडियमचा सोर्स खिशात टाकला. पॅरिसजवळच्या पर्सी रुग्णालयात आधी डोसचा, म्हणजे कुठे किती किरण लागले त्याचा, नकाशा काढला, त्याप्रमाणे मांस कापलं आणि त्याच्याच मज्जेतून वाढवलेल्या मूळपेशी टोचल्या.

डोसच माहीत नसेल तर कापणार कुठवर? डोस नोंदवणारा बॅज ड्रॉवरमध्ये ठेव, आकडा वाढला तर घरी बसवतील, हाही त्याच सुपरवायझरांचा सल्ला. म्हणून कागदोपत्री माझा त्या महिन्याचा डोस शून्य. रक्तातली गुणसूत्रं तपासून अंदाज येतो, पण अख्ख्या अंगाचा. एकट्या बोटाचा नाही. बॅज छातीवर लावा, मीटरची बॅटरी स्वतः बघा.

आणि हो, बॅजसुद्धा छातीचा डोस सांगतो, बोटाचा नाही. पण तो लावलेला असता तर निदान 'तू तिथे नव्हतासच' असं तरी ऐकावं लागलं नसतं.