बाबा बोटीवर ओरडायचे, हे लिहू का?

प्रिय ‘बाबांची क्रू’,

तू ४४ची, मी सत्तरीकडे झुकलेली, तेव्हा सरळ अगं-तुगं करते.

वाचकांसाठी आधी तुझं पत्र थोडक्यात सांगते. बाबांचं वर्षश्राद्ध महिन्यावर आलंय आणि भाऊ त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतोय. १९८२च्या आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या, फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल जातीच्या बोटीत सुवर्ण मिळवलं, आणि गोदीत नोकरीला असलेल्या तुझ्या बाबांना तेव्हा जे वेड लागलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. मित्राबरोबर भागीदारीत जुनी एंटरप्राइज घेतली, म्हणजे दोघांनी चालवायची छोटी शिडाची बोट. पावसाळा सरला की दर रविवारी गेटवेसमोरच्या पाण्यात ती निळी शिडं. आई धक्क्यावर डबा घेऊन, तू अकराव्या वर्षापासून जिबवर, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या दोरीवर. सगळ्यांनी लिहिलंय की बाबा शांत, देवमाणूस, कधी आवाज चढला नाही. आणि तू विचारतेस, “मला फक्त त्यांचं ओरडणं आठवतं. हे लिहू, की गप्प बसू?”

लिही.

मला स्वतःला भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली तरी मळमळतं, म्हणून शर्यती खेळलेल्या भाच्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, मावशी, जेमतेम चार मीटरची बोट, तिला ब्रेक नाही. सुरुवातीआधीच्या शेवटच्या मिनिटाला सगळ्या बोटी रेषेपाशी घोटाळत असतात, सुटायच्या गनच्या आधी नाक पुढे गेलं तर मागे फिरून परत यायचं. उजवीकडून वारा घेणाऱ्या बोटीचा हक्क पहिला, आणि तो सांगायचा कसा, तर ‘स्टारबोर्ड!’ असं बोंबलून. त्यात शिडाची फडफड. हळू बोललं तर ऐकू कुणाला जाणार?

हे मला पटलं, पण अर्धंच. ‘जिब ओढ!’ हे वाऱ्यामुळे ओरडावं लागतं. ‘अक्कल घरी ठेवून आलीस का?’ हे वाऱ्यामुळे नसतं. सतराव्या वर्षी तू हातातली दोरी सोडून दिलीस, रडलीस आणि पुन्हा बोटीवर पाय ठेवला नाहीस, त्यात तुझं काही चुकलं असं मला वाटत नाही. ‘पुन्हा येतेस का?’ असं त्यांनी एकदा तरी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. सरळ धाकट्याला जिबवर बसवलं.

पण तुझ्याच पत्रात दोन गोष्टी आहेत, त्या तू घाईत लिहून पुढे गेलीस. एकदा बोट बोयाला, म्हणजे शर्यतीच्या वळणावरच्या तरंगत्या खुणेला, निसटती घासली. कुणी पाहिलं नव्हतं. या खेळात अशा वेळी आपणच आपल्याला शिक्षा करायची असते, बोटीची अख्खी गिरकी घ्यायची. बाबांनी घेतली, तुम्ही तिसऱ्यावरून शेवटी गेलात आणि तू घरापर्यंत फुगून बसलीस. दुसरी म्हणजे परतीची लोकल. तुला खिडकी, आणि मिठाच्या पाण्यानं सुजलेल्या बोटांनी ते संत्रं सोलायचे, फोडीवरचा एकेक पांढरा दोरा काढून मगच तुझ्या हातावर ठेवायचे.

ते संत्रं म्हणजे माफी होती असं मी म्हणणार नाही. माफी मागायला तोंड लागतं. पण बोयाजवळची गिरकी ज्यांनी घेतली, त्यांना आपण लेकीला कुठे घासलो हे कळलंच नसेल, असंही मला वाटत नाही. नक्की काय ते तुझ्या आईला ठाऊक असणार. तू दोरी सोडलीस त्या रात्री, तू दार लावून झोपल्यावर, ते तिच्याशी काय बोलले? लिहायला बसण्याआधी तिला विचार. सगळ्यांसमोर नको, दोघीच असताना, भाजी निवडता निवडता. ती ‘काहीच बोलले नाहीत’ म्हणाली, तर तेही लिही.

भावालाही विचार. तो त्यांच्या जिबवर तुझ्याइतकाच बसलाय, आणि त्याच्या लेखात बाबा एकदाही ओरडत नाहीत, हे मला जरा संशयास्पद वाटतं.

आणखी एक, जमलं तर. बाबांचे भागीदार अजून रविवारी बोटीवर जातात म्हणतेस. एकदा त्यांच्याबरोबर जा. तू सहा वर्षं नुसती जिबच धरलीस, सुकाणू कधी हातात आलं नाही. या खेपेला ते माग आणि काकांना जिबवर बसव. वारा चढल्यावर तुझा आवाज कसा निघतो ते ऐक. ओरडलीस तरी चालेल, फक्त अक्कल काढू नकोस काकांची.

लेखाचं पहिलं वाक्य मात्र ओरडण्याचंच ठेव, त्यांच्याच शब्दांत, जसं कानात आहे तसं. संत्रं नंतर येऊ दे. आणि भाऊ म्हणाला की सुरुवात जरा बदलूया, तर त्याला सांग, मावशींनी नको म्हटलंय.

तुझी,
मावशी