मुलाच्या वहीतले नव्वद टक्के

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. आम्ही पुण्यात गुरुवार पेठेत राहतो. मी अठरा वर्षे संडेस्कूलमध्ये शिकवते. माझ्या चोवीस वर्षांच्या मुलाने सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडली. तेव्हापासून तो रात्र रात्र जागतो आणि उपासनेला येत नाही. मित्राच्या सांगण्यावरून तो आता एका समुपदेशक बाईंकडे जातो. परवा खोली झाडताना त्याची वही हाती लागली. पानावर रकाने आखलेले होते : ‘मुलाखतीत नापास’, मग ‘देवसुद्धा मला कंटाळला आहे’, शेजारी ९० टक्के, पुढे ‘याला पुरावा काय?’ आणि शेवटी ६० टक्के. खालच्या ओळीतला शेवटचा रकाना रिकामा होता. आमच्या प्रार्थनासभेतले एक बंधू म्हणतात की सगळे मानसशास्त्र नास्तिक फ्रॉइडचे आहे आणि ख्रिस्ती माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. माझ्या मुलाचा विश्वास नव्वदावरून साठावर आणला जातो आहे का? मी हे थांबवू का?
– एक आई

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

आधी त्या नव्वदाचे पाहू, कारण तुमची झोप त्या आकड्याने उडवली आहे. अशा वहीत मनात आलेला विचार लिहायचा असतो आणि तो त्या क्षणी किती खरा वाटला याला शंभरपैकी गुण द्यायचे असतात. तुमच्या मुलाने गुण दिले ते ‘देवसुद्धा मला कंटाळला आहे’ या वाक्याला. पुरावा मागितला गेला तोही देव असण्याचा नव्हे, देव कंटाळल्याचा; आणि शोधाशोध करून झाल्यावर ते वाक्य त्याला साठ टक्केच खरे वाटले. जे खोटे तुम्ही अठरा वर्षे दुसऱ्यांच्या लेकरांच्या मनातून काढत आलात, ते तुमच्या स्वतःच्या घरात एका पानावर तीस टक्क्यांनी उतरले आहे. तुमच्या जागी मी असते तर त्या दिवशी गोडाचे काही केले असते, फक्त का केले ते कोणाला सांगितले नसते.

बेचाळिसावे स्तोत्र तुम्ही मुलांकडून पाठ करून घेतले असेलच. तिथे स्तोत्रकर्ता स्वतःच्या जिवालाच समोर बसवून विचारतो की तू खिन्न का झालास, आतल्या आत का तळमळतोस; त्या स्तोत्रात दोनदा आणि त्रेचाळिसाव्यात पुन्हा एकदा तो हेच विचारतो, कारण एकदा विचारून जीव ऐकत नाही. वहीतल्या प्रश्नाची जातकुळी याच्या जवळची आहे. म्हणून ही उपचारपद्धती बायबलमधूनच निघाली, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणारेही आपल्या मंडळ्यांत आहेत, आणि मला ते तुमच्या बंधूंइतकेच घाईचे वाटतात.

आता बंधूंचे म्हणणे. फ्रॉइडबद्दल त्यांनी सांगितले ते त्याच्यापुरते खरे आहे. धर्म म्हणजे माणसाच्या बालपणीच्या असहायतेतून उपजलेला भ्रम, असे त्याने १९२७ साली पुस्तक लिहून मांडले. पण त्याच फ्रॉइडचा ऑस्कर फिस्टर नावाचा एक स्नेही होता. हा झुरिकचा प्रोटेस्टंट पाळक फ्रॉइडचे मनोविश्लेषण, म्हणजे मनात खोल दडलेले बोलण्यातून उलगडण्याची त्याची पद्धत, शिकला, आपल्या मंडळीतल्या लोकांसाठी त्याने ते वापरले आणि तरीही तो पाळकच राहिला. दोघांचा पत्रव्यवहार १९०९ पासून फ्रॉइडच्या अखेरीपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, चालला. आरंभीच्याच एका पत्रात फ्रॉइडने त्याला कळवले होते की मनोविश्लेषण स्वतः धार्मिकही नाही आणि अधार्मिकही नाही, ते एक निःपक्षपाती साधन आहे आणि धर्मोपदेशकही ते वापरू शकतो. पुढे भ्रमाचे पुस्तक आल्यावर फिस्टरने १९२८ मध्ये त्याला छापील उत्तर दिले, तेही मैत्री न तोडता. बंधू हे सांगत नाहीत, कारण बहुधा त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेले नाही.

शिवाय तुमच्या मुलाची वही फ्रॉइडच्या घरची नाहीच. ती ज्या पद्धतीतली दिसते तिला सीबीटी, मराठीत बोधात्मक वर्तनोपचार, म्हणतात. तिचा एक जनक ॲरन बेक हा अमेरिकन डॉक्टर मुळात मनोविश्लेषणातच तयार झालेला होता. नैराश्याविषयीचे फ्रॉइडचे म्हणणे तो संशोधनाने सिद्ध करायला गेला, ते सिद्ध होईना, म्हणून १९६० च्या दशकात त्याने निराळी वाट धरली. त्याच्याच काळात विवेकनिष्ठ मानसोपचार मांडणारा अल्बर्ट एलिस धर्मावर सडकून टीका करत असे, तरी पुढे धार्मिक माणसांवरील उपचारांविषयीच्या २००१ च्या एका पुस्तकाचा तोच सहलेखक झाला. एका छत्रीखाली सगळ्यांना उभे करणे म्हणूनच चुकीचे आहे. प्रत्येक विचारसरणीचे हत्यार वेगळे आणि माणसाविषयीचे मतही वेगळे. हत्यार घेताना मत घेतलेच पाहिजे असे नाही, पण मत कोणते आहे ते ओळखता आले पाहिजे.

वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर याचे मत तर ओळखायला सोपे आहे. माणसाचे स्वातंत्र्य ही जुनी समजूत असून वर्तन घडते ते परिस्थितीमुळे आणि परिणामांमुळे, असे त्याने १९७१ मध्ये उघड लिहिले. ते मान्य केले तर पश्चात्तापाला जागाच उरत नाही, हे कोणत्याही विश्वासणाऱ्याला लगेच कळते. त्याच वर्तनवादाच्या परंपरेतून आलेले ‘रोज सकाळी सातला उठून पर्वतीपर्यंत चालत जा’ अशा तऱ्हेचे वेळापत्रक मात्र खुशाल पाळावे.

मला अधिक सावध राहावेसे वाटते ते कार्ल रॉजर्सच्या बाबतीत, कारण त्याची भाषा आपल्या भाषेसारखी ऐकू येते. हा गृहस्थ पाळक होण्यासाठी न्यूयॉर्कच्या ईश्वरविज्ञान महाविद्यालयात दोन वर्षे शिकला आणि तिथून मानसशास्त्राकडे वळला. समोरच्याचा बिनशर्त स्वीकार करावा, त्याचे न टोकता ऐकून घ्यावे, ही त्याची शिकवण आपल्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी वर्षभर आचरली तरी निम्मी घरे शांत होतील. परंतु माणूस मुळात चांगलाच आहे आणि त्याची उत्तरे त्याच्याच आत आहेत, हे त्याचे गृहीत आपल्याला पटण्यासारखे नाही. कृपेत स्वीकार आहे, पण ती पाप पाहून, त्याचे नाव घेऊन, क्षमा करून स्वीकारते. पॉल विट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये नेमका हाच धोका दाखवला, की ‘स्व’लाच देव्हाऱ्यात बसवले जाते. जे ॲडम्स या पाळकाने १९७० मध्ये दुसरे टोक गाठले : समुपदेश बायबलमधूनच व्हावा, शारीरिक आजार सोडले तर बाकी बहुतेक दुःखाचे मूळ पापात असते. मला हे पटत नाही. निराश माणसाला आणखी एका अपराधाचे ओझे देणारे उपदेश मी इतके ऐकले आहेत, की त्यापेक्षा वहीतले रकाने बरे वाटतात.

बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. तो झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला विश्वासावर प्रवचन दिले नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, उठवून पुन्हा खायला दिले. होरेबचा डोंगर आणि तिथले देवाशी झालेले संभाषण त्यानंतरचे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मुली आणि विधवा आणून केडगावला ठेवल्या, तेव्हाही पहिले काम चुलीचेच होते.

तेव्हा उपचार थांबवू नका. मात्र त्या बाईंचे शिक्षण आणि नोंदणी जरूर विचारावी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. मुलाने त्यांना स्वतःच सांगावे की माझ्यासाठी प्रार्थना महत्त्वाची आहे, किंवा सध्या जमत नाही म्हणून मी दुखावलो आहे. चांगला समुपदेशक हे ऐकून घेतो. श्रद्धेलाच आजार ठरवणारा कोणी भेटला तर माणूस बदलावा, उपचार सोडू नयेत. सहा महिन्यांचे जागरण आहे, म्हणून एकदा मनोविकारतज्ज्ञालाही दाखवावे. आणि जगण्यातच अर्थ नाही असे काही तो बोलला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे; सरकारच्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

राहिली वही. ती तुम्ही वाचायला नको होती. उपचारांतली गुप्तता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला दिलेला हक्क आहे, पण मी कायद्यापेक्षा त्याच्या भरवशाचा विचार करते आहे. आज रात्री तो जागाच असेल. दोन कप चहा करा आणि सांगा, ‘तुझी वही मी वाचली, चुकले, पुन्हा हात लावणार नाही.’ तो रागावेल, रागावू द्या. बंधूंचे नाव काढू नका, रविवारच्या उपासनेचेही नको. रिकाम्या रकान्यात काय यावे हे तुम्हाला ठाऊक आहे असे वाटत असेल, तरी ते सांगू नका.

तुमची,
ताई