ओल्या मातीवरच्या हिरव्या चकत्या: मर्केंशिया की रिक्सिया?

तुम्ही विचारलंय की नागपुरात कंपाउंडच्या भिंतीखाली, ओल्या मातीवर रुपयाएवढ्या हिरव्या चकत्या उगवल्यात, प्रत्येक पट्टीला दोन-दोन फाटे फुटलेत, तर ही मर्केंशिया का? मर्केंशिया आणि रिक्सिया या दोन्ही लिव्हरवर्ट, म्हणजे ओल्या जागी जमिनीलगत पसरणाऱ्या, फुलं न येणाऱ्या लहान वनस्पती. वर्णनावरून रिक्सिया वाटते. पण नुसत्या वरून काढलेल्या फोटोवर कुणी जातीचं नाव सांगितलं, तर मानू नका.

दहापट भिंगातून वरची बाजू बघा. मर्केंशियावर बारीक चौकटींची जाळी आणि प्रत्येक चौकटीत एक ठिपका, म्हणजे छिद्र, दिसतं. दातेरी काठाच्या गोल वाट्या असतील तर मर्केंशियाच. वाटी चंद्रकोरीसारखी असेल तर ल्युन्युलारिया, ही आणखी एक लिव्हरवर्ट. रिक्सियाला वाट्या नाहीत, छत्रीसारखे दांडेही येत नाहीत. तिच्या पट्टीत मधोमध खोबण असते, आणि पिकल्यावर तिथेच खसखशीसारखे काळे ठिपके रुतलेले दिसतात. त्या बीजाणूंच्या, म्हणजे ज्यांपासून नवी रोपं उगवतात त्या सूक्ष्म कणांच्या, पिशव्या. उभी हिरवी शिंगं असतील तर अँथॉसिरॉस, तो लिव्हरवर्ट नव्हेच.

आता चकती उलटा, कारण खालचे खवले फार बोलके असतात. सुरीने मातीसकट उचला, बशीत पाण्यात 15 मिनिटं ठेवा आणि रंगाच्या मऊ ब्रशने माती सोडवा. नळाखाली धरलंत की खवले धुऊन जातात, मग नमुना वाया. खवले जांभळे की रंगहीन, काठाबाहेर डोकावतात की आतच राहतात, हे टिपा. सुकताना पट्टीच्या कडा वर वळतात का, तेही बघा. बटाट्याच्या कापात धरून ब्लेडने आडवा छेद घेतला की रुंदी-जाडीचं प्रमाण कळतं.

एवढ्यावर गट ठरतो. रिक्सियाची जात मात्र बीजाणूंवरच पक्की होते. काळी पिशवी पाण्याच्या थेंबात सुईने फोडा, 400 पट मोठं करून बघा: व्यास किती (बऱ्याच जातींत 60 ते 120 मायक्रॉन; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पृष्ठभागावर जाळी कशी, कडेला पंखासारखी झालर आहे का. फिकट पिवळे बीजाणू कच्चे असतात, त्यांच्यावर नक्षी पुरती उमटलेली नसते. बहुतेक चुका इथेच होतात. म्हणून जुलैतल्या कोवळ्या चकत्यांवर घाई करू नका, खोबणीत काळे ठिपके दिसेपर्यंत थांबा.

नमुना कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. पाकिटावर तारीख, जागा आणि ताजेपणीचा रंग लिहा. सुकल्यावर रंग बदलतो.