कासचे ४०,००० फोटो मराठीत शोधायचे आहेत, काहींखालीच टिपण आहे. कोणता वेक्टर डेटाबेस (आकड्यांच्या याद्या साठवून त्यांतल्या जवळच्या शोधणारा) घ्यावा?

कुठलाच नको. मी साताऱ्यातच असतो आणि आमच्या ग्रुपच्या कास पठारावरच्या फोटोंवर हाच उद्योग करून बसलोय. तुमच्यासारखंच, काही फोटोंखाली मराठी टिपण, बाकी कोरे.

क्लिप हे फोटो आणि मजकूर दोन्हींचे एकमेकांशी ताडता येतील असे आकडे करणारं मॉडेल. त्याची छोटी आवृत्ती एका फोटोचे ५१२ आकडे करते. आकड्याला ४ बाइट धरले तर ४०,००० फोटोंचे साधारण ८२ एमबी. जुन्या लॅपटॉपच्या रॅममध्येही मावेल. नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) शोधशब्दांच्या आकड्यांचा फोटोंच्या आकड्यांशी एक गुणाकार, की निकाल हजर. फायस, एचएनएसडब्ल्यू वगैरे झटपट शोधाचे उपाय लाखो-कोटींच्या घरात गेल्यावर बघा. आकडे काढायला वेळ लागतो खरा, पण एकदाच. रात्री लावून झोपायचं.

डोकेदुखी आहे ती मराठीची. ओपनएआयचं २०२१ मधलं मूळ क्लिप ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकलं, पण मजकूर मुख्यतः इंग्रजी. देवनागरी दिली की ते अक्षरांचा चुरा करतं. 'जांभळी फुलं' टाकल्यावर मला ढग दिसले! सेंटेन्स-ट्रान्सफॉर्मर्स या पायथन लायब्ररीत त्याची बहुभाषिक आवृत्ती आहे, मराठीसकट. मजकुराची बाजू तेवढी बदलायची, फोटोंचे आकडे तेच राहतात.

तरी 'सीतेची आसवं' टाकून ते फूल (शास्त्रीय नाव युट्रिक्युलारिया) येईल ही आशा सोडा. 'टोपली कारवी' या फुलझाडाला तर आमच्याकडे टोपल्या घेतलेल्या बायका आल्या. गावठी नावं मॉडेलला कोण सांगणार? ती तुमच्या टिपणांत आहेत, म्हणून टिपणांवर साधा शब्दशोध हवाच. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधलं एफटीएस५ हे शब्दशोधाचं साधन पुरतं, फक्त ट्रायग्रॅम टोकनायझर (मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करणारा) लावा, म्हणजे 'कारवी' टाकल्यावर 'कारवीच्या' लिहिलेलंही सापडतं.

क्लिपचा शोध आणि शब्दशोध, दोन्हीकडचे गुण मात्र थेट बेरजेत धरू नका, मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. क्रमांक घ्या: प्रत्येक फोटोसाठी दोन्ही याद्यांत १ भागिले (६० अधिक क्रमांक), आणि त्यांची बेरीज.

आणि कोऱ्या फोटोंसाठी: नावाने एक टिपणवाला फोटो शोधा, मग त्याच्याच आकड्यांवरून त्याच्यासारखे दिसणारे मागवा. आमच्या बऱ्याच कोऱ्या टोपली कारव्या अशाच हाती लागल्या. त्यात साधी कारवीही घुसते, ती डोळ्यांनीच वेचावी लागते.