उचललेला हात

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चार वर्षं जॅझ ड्रमवर तारांचे ब्रश आणि स्विंगचा झुलता ठेका घोटलास, आता रॉक बँडनं बोलावलंय, मग हे सगळं वाया जाणार का, असं विचारतेस. वाचताना मला रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचे ड्रमर चार्ली वॉट्स आठवले.

लंडनचा हा मुलगा आधी बँजो शिकायला बसला होता. बोटं काही जमेनात. जॅझ सॅक्सोफोनवादक जेरी मलिगनच्या रेकॉर्डवर ड्रमर चिको हॅमिल्टनचे ब्रश ऐकले आणि पठ्ठ्यानं बँजोची मानच काढली, उरलेल्या गोल भागाचा स्नेअर, म्हणजे समोरचा खणखणीत ड्रम केला. शेजारी राहणारा डेव्ह ग्रीन पुढे डबल बास वाजवू लागला. ही जोडी म्हातारपणीही एकत्र जॅझ वाजवत होती. जानेवारी १९६३ मध्ये वॉट्स रोलिंग स्टोन्समध्ये गेले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये वारले तोवर तिथेच राहिले.

एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, तेव्हा मी होतो. लोक गायक जॅगरकडे बघत होते, मी दुर्बीण लावून वॉट्स यांच्या उजव्या हाताकडे. ड्रम चारच. डाव्या हातातली काठी जुन्या जॅझवाल्यांसारखी, तळवा वर करून धरलेली. आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला ती स्नेअरवर पडली, की उजवा हात हाय-हॅटवरून, म्हणजे झांजांच्या जोडीवरून वर! आपण तिथे दोन्ही हात एकदम मारतो. ते जागा सोडायचे, म्हणून स्नेअर एकटा, स्वच्छ ऐकू यायचा. आज रात्री ठेका मोजणारा मेट्रोनोम नव्वदवर लावून करून बघ. हात अडखळेल. अडखळू दे, पण वेग वाढवू नकोस.

बँड सहसा ड्रमरला धरून चालतो. वॉट्स मात्र कीथ रिचर्ड्सच्या गिटारला धरून चालायचे, तबलजी गायकाचं ऐकत ठेका धरतो तसे. सोलोची त्यांना हौस नव्हती. समोरच्याचं ऐकणं त्यांच्यात जॅझमधून आलं, असं माझं ठाम मत आहे, आणि तुझी चार वर्षं त्यातच गेली आहेत. ती कुठेही जात नाहीत.

एक गोष्ट काळजीपोटी लिहितो. चाळिशी ओलांडल्यावर वॉट्स दारू आणि हेरॉइनच्या नादी लागले होते. तळघरातून वाइनची बाटली आणायला जाताना घोटा मोडला. पुढे लंडनमधल्या रॉनी स्कॉटच्या क्लबात जॅझचा कार्यक्रम ठरलेला होता. तेव्हा त्यांनी सगळं सोडलं. दौऱ्यावर रात्री लांबतात, सोबतची माणसं भली असली तरी लांबतात. तुझ्या गुरुवारच्या जॅझवाल्या मंडळींना सोडू नकोस. बँडला आधीच सांगून टाक, गुरुवार माझा नाही.

त्यांना होकार कळव. रविवारी घरी ये, ब्रश घेऊन. मलिगनची रेकॉर्ड पुसून ठेवतो.