पैसा मंजूर कोण करतं, थांबवतं कोण?

वाचकांचे प्रश्न

विधिमंडळ सचिवालयात मी 31 वर्षं प्रतिवेदक होते. समितीपुढे सचिव साक्षीला बसले की त्यांचा शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचा, हे माझं काम. त्यामुळे सरकारी पैशाबद्दलची पत्रं संपादक माझ्याकडे धाडतात. या महिन्यातली तिन्ही पत्रं परदेशी मदतीवरची आहेत.

काकू, नमस्कार. रोज सकाळी 7.52 च्या लोकलला लोंबकळत जातो. भूतानला 2,150 कोटी आणि मालदीवला 600 कोटी दिल्याचं वाचलं. आपला पैसा बाहेर देताना संसदेत कुणी विचारतं का?
— एक वाचक, डोंबिवली

तुमचे आकडे बरोबर आहेत, ते 2025-26 च्या अर्थसंकल्पातले आहेत. परराष्ट्र मंत्रालयाची त्या वर्षाची सगळी तरतूद 20,516 कोटींची, म्हणजे साधारण दहावा हिस्सा एकट्या भूतानला. मात्र तुमच्या लोकलची गर्दी भूतानमुळे नाही. त्याच अर्थसंकल्पात रेल्वेच्या भांडवली खर्चासाठी 2.52 लाख कोटी आहेत. आणि भूतानचा पैसा वाया जातो असं मला वाटत नाही. तिथला 336 मेगावॅटचा चुखा जलविद्युत प्रकल्प आपण 60 टक्के अनुदान आणि 40 टक्के कर्ज देऊन उभा केला, त्याची जास्तीची वीज आपल्याकडेच येते.

विचारणारे आहेत. परराष्ट्र व्यवहारांच्या स्थायी समितीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 खासदार असतात. अर्थसंकल्प मांडला की ही समिती मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना बोलावते, गेल्या वर्षी मागितलेलं खर्च का झालं नाही, यंदा वाढवून का हवं, हे एकेक करून विचारते आणि अहवाल देते. तो सरकारवर बंधनकारक नसतो, पण प्रत्येक शिफारशीवर काय केलं याचं लेखी उत्तर मंत्रालयाला द्यावंच लागतं. हे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर असतात. वाचून पाहा.

मला खटकतं ते पुढचं. सभागृहात चार-पाच मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा होते आणि उरलेल्या सगळ्या शेवटच्या दिवशी गिलोटिन लावून, म्हणजे चर्चेशिवाय, एकत्र मंजूर होतात. समितीनं जीव ओतून केलेलं काम तसंच बाजूला राहतं. हे मला नोकरीत असताना पटलं नाही, आजही पटत नाही.

आणखी एक बाब तुमच्या खासदारांच्या कानावर घाला. अनुदानाशिवाय आपण इतर देशांना सवलतीची कर्जं देतो, ती एक्झिम बँक या सरकारी निर्यात-आयात बँकेमार्फत. तिचं मुख्यालय आपल्या कफ परेडलाच आहे. पैसा बँक बाजारातून उभा करते, सरकार हमी देतं आणि व्याजातला फरक भरतं. त्यामुळे कर्जाची पूर्ण रक्कम परराष्ट्र मंत्रालयाच्या मागणीत शोधून सापडत नाही.

मेट्रो 3, अटल सेतू यांना जपानचं कर्ज आहे. असं कर्ज घेताना संसदेची परवानगी लागते का?
— एक वाचक, कुर्ला

एकेका कर्जासाठी लागत नाही. घटनेच्या कलम 292 नुसार कर्ज काढण्याचा अधिकार केंद्र सरकारचा, त्याला मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेचा. पण तुम्ही कुर्ल्याचे आहात, म्हणून एक आठवण करून देते. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासाठी हलवल्या जाणाऱ्या दुकानदारांनी 2004 मध्ये थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. पुनर्वसनात उणिवा सापडल्या आणि मार्च 2006 मध्ये बँकेनं रस्त्याच्या आणि पुनर्वसनाच्या कामांचा पैसा रोखला. सुधारणा झाल्यावर जूनमध्ये तो पुन्हा सुरू झाला. पैसा देणाऱ्याच्या दारातही तक्रार करता येते, हे या मुंबईतल्या दुकानदारांनी दाखवून दिलं.

मॅडम, मी मानखुर्दमध्ये टीबीच्या प्रकल्पात घरोघर जायचे. थुंकीच्या डब्या पोचवायच्या, गोळ्या घेतल्या का बघायचं, घरातल्या बाकीच्यांना तपासणीला न्यायचं. पैसा अमेरिकेच्या सरकारचा होता. जानेवारी 2025 मध्ये एका संध्याकाळी मेसेज आला, उद्यापासून काम बंद. तिथली संसद पैसा मंजूर करते म्हणतात. मग एका सहीनं कसा थांबला? आणि आता मी काय करू? माझ्या वहीत अजून 43 जण आहेत.
— एक वाचक भगिनी, मानखुर्द

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. तिथे परदेशी मदतीचा पैसा काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, मंजूर करते आणि मंजूर पैसा राष्ट्राध्यक्षांनी मनानं अडवून ठेवू नये म्हणून 1974 पासून कायदाही आहे. खर्च करायचा नसेल तर काँग्रेसकडे तसा प्रस्ताव पाठवायचा; 45 दिवसांत तिनं मान्यता दिली नाही तर पैसा सोडायचा. पण 20 जानेवारी 2025 ला आदेश निघाला तो आधी थांबवण्याचा, विचारण्याचा नव्हे. काँग्रेसकडे प्रस्ताव गेला जूनमध्ये. जुलैमध्ये सुमारे 9 अब्ज डॉलरची कपात मंजूर झाली, त्यात जवळपास 8 अब्ज परदेशी मदतीचे. तोवर ही मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी संस्थाच 1 जुलैला बंद झाली होती. ऑगस्टच्या अखेरीस आणखी सुमारे 4.9 अब्जांचा प्रस्ताव आला. तिथलं आर्थिक वर्ष 30 सप्टेंबरला संपतं, म्हणजे 45 दिवस पुरे होण्याआधीच पैशाची मुदत जाणार होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही 26 सप्टेंबरला त्यातले सुमारे 4 अब्ज तूर्त अडवून ठेवू दिले. संसदेनं विचारायचं ते काम थांबण्याआधी. नंतर विचारून तुमच्या वहीतल्या माणसांच्या गोळ्यांचा खाडा भरून निघत नाही.

आधी कुणी लिहून ठेवलं तर काय होतं, ते ब्रिटनच्या एका जुन्या प्रकरणात दिसतं. मलेशियात पेरगाव इथे धरण बांधायला 23.4 कोटी पौंडांची मदत द्यायची होती. मदत खात्याचे सचिव टिम लँकेस्टर यांच्या हिशेबानं हा पैसा वाया जाणार होता. त्यांनी तसं मंत्र्यांना लेखी कळवलं आणि द्यायचाच असेल तर मला लेखी आदेश द्या म्हणाले. 1991 मध्ये परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी तो दिला. हे कागद महालेखापरीक्षकांच्या हाती लागले, 1993 मध्ये त्यांचा अहवाल आला आणि 1994 मध्ये संसदेच्या दोन समित्यांनी साक्षी घेतल्या. शस्त्रविक्रीचा करार आणि ही मदत एकमेकांत कशी गुंतली होती, ते उघड झालं. पुढे एका स्वयंसेवी संस्थेनं दावा लावला आणि नोव्हेंबर 1994 मध्ये उच्च न्यायालयानं ती मदत बेकायदा ठरवली. 2002 मध्ये नवा कायदा आला. मदत द्यायची ती गरिबी कमी करण्यासाठी, हे त्यात लिहिलं गेलं.

लँकेस्टर यांचा तो कागद नसता तर समितीनं कशावर बोट ठेवलं असतं? मी साक्षी लिहून घ्यायचे तेव्हा हे सारखं दिसायचं. सदस्य कितीही तळमळीनं बोलले तरी सचिव तयारीचे असत. पण कुणी फायलीतला तारखेसह शेरा वाचून दाखवला की खोली शांत व्हायची.

म्हणून ताई, तुमची वही जपा. वॉशिंग्टनला आपला हात पोचत नाही, पण त्या 43 जणांच्या घरी आता कोण जातं, हे विचारायची जागा आपल्याकडे आहे. आधी त्यांची यादी महापालिकेच्या टीबी केंद्रातल्या डॉक्टरांना द्या, एक दिवसही थांबू नका. मग वहीतून नावं आणि पत्ते वगळून वय, उपचाराचा महिना आणि शेवटच्या भेटीची तारीख एवढंच एका कागदावर उतरवा आणि तुमच्या आमदारांकडे न्या. विधानसभेतले प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, तेव्हा लवकर जा. मसुदा करून देते, हाच द्या:

"परदेशी निधी थांबल्यामुळे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागातील क्षयरुग्णांच्या गृहभेटी जानेवारी 2025 पासून बंद झाल्या, हे खरे आहे काय, असल्यास, अशा रुग्णांची संख्या किती आहे, त्यांपैकी किती रुग्णांचे उपचार खंडित झाले, व सदर गृहभेटी सध्या कोणामार्फत केल्या जात आहेत?"